टूकान बोलला, बाबा

बाबा, तो बोलला.

शनिवारी सकाळी पक्षिपार्क उघडल्या उघडल्या मी ट्रोपनहाउसमध्ये, उष्ण प्रदेशातल्या पाखरांच्या त्या काचघरात, शिरले, आतल्या दमट उबेनं चष्म्यावर वाफ धरली, आणि मी मफलरनं काचा पुसत असतानाच वरून आवाज आला. मला काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. डोळे बंद ठेवून कान उघडे ठेवायला सूनबाईला कधी जमणार नाही, असं तुम्ही म्हणायचात. जमलं बघा, वाफेच्या कृपेनं.

काय बोलला ते लगेच सांगणार नाही. तुम्ही मला वर्षभर थांबायला लावलंत, आता थोडं तुम्ही थांबा.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. घरी वंदना झाली, पुण्यानुमोदनाला शेजारच्या डार्मश्टाट शहरातली सगळी मंडळी येऊन गेली. जो तो तुमच्याबद्दल बोलला. टेलिफोन खात्यातली तुमची नोकरी, अकोल्याच्या वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी शिकवलेलं गणित, तुमचा करडा आवाज. सगळं खरं होतं. पण टूकानाचं नाव कुणी काढलं नाही, आणि मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते की यांना माझे सासरे माहीतच नाहीत.

तसे मलाही कुठे माहीत होतात? लग्नानंतर इतकी वर्षं आपण दोघं फोनवर एकच संवाद बोललो. "बाबा, तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे. थंडी आहे का तिकडे?" "आहे." "सुमितला देते का फोन?" की लगेच फोन तुमच्या मुलाकडे. मग आई गेल्या, आणि सुमित तुम्हाला इकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला घेऊन आला. तुम्ही आमच्या बैठकीच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसलात ते बसलातच. मी पलीकडच्या खोलीत होमऑफिस करायचे. गाडीच्या कॅमेऱ्याला रस्त्यावरची माणसं ओळखायला शिकवणं हे माझं काम, आणि घरात बसलेला माणूस मात्र मला ओळखता येत नव्हता. चहा ठेवला की "ठेव" म्हणायचात. तेवढंच.

हे सगळं बदललं ते हायझुंग बंद पडली म्हणून. फेब्रुवारीतला शनिवार, अख्ख्या इमारतीची हीटिंग गार, आणि इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर फोनवर शांतपणे म्हणाला, आल्झो, सोमवारी बघू. सुमित ऑफिसच्या कामाला हॅम्बर्गला गेलेला. तुम्ही दोन स्वेटर आणि शाल घालूनही कुडकुडत होतात. मला एकच जागा आठवली जिथं जर्मनीत फेब्रुवारीतही घाम येतो. माझ्या लेकीला, इराला, आणि तुम्हाला बसमध्ये घातलं आणि जंगलाकडच्या त्या छोट्या पक्षिपार्कात नेलं. ट्रोपनहाउसचं दार उघडलं, तसे तुम्ही उंबऱ्यातच थांबलात, शाल काढलीत आणि म्हणालात, "हे घ्या. हे तर अकोलं."

आणि समोर तो बसलेला. काळाभोर, पांढऱ्या गळ्याचा, गळ्याखाली लाल पट्टी, डोळ्याभोवती निळी कातडी, आणि ती अवाढव्य चोच. मी पाटी वाचली, "वाइसब्रुस्टटुकान, म्हणजे पांढऱ्या छातीचा टूकान." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "हे यानं सांगितलं का?"

मला वाटलं, म्हातारबा गंमत करतायत. रात्री जेवताना कळलं की नाही. तुम्ही इराचा टॅबलेट घेऊन बसला होतात आणि माझ्या पानात वरण वाढायच्या आधीच तुम्ही सुरू झालात. पश्चिम ॲमेझॉनच्या जंगलात हुबेहूब असे दोन टूकान राहतात. तेच झाड, तीच फळं, तोच पांढरा गळा, तीच काळी-पिवळी चोच. एक जरा मोठा, एक जरा लहान, पण फांदीवर एकटा बसलेला असला तर लहान की मोठा हे कशाशी ताडून बघणार? त्यातल्या लहानाला जर्मनमध्ये डोटरटुकान म्हणतात, डोटर म्हणजे अंड्याचा बलक, कारण त्याच्या भाऊबंदांचा गळा पिवळा असतो. पण पश्चिमेकडच्याचा गळा पांढरा, म्हणजे नावाचाही उपयोग नाही. "फरक कशात आहे माहिते का?" तुम्ही बोट वर केलंत. "आवाजात. मोठा कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटतो. लहान बेडकासारखा डरावतो. तोंड उघडलं की खलास, शंकाच नाही."

त्या रात्री तुम्ही आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा दुसरी पोळी घेतलीत. मी ते पाहिलं होतं.

मग काय, दर शनिवारची यात्राच सुरू झाली. मी म्हणायचे पाटी बरोबर आहे, तो पिल्लूच. तुम्ही म्हणायचात बेडूक. का बेडूक, तर म्हणे चोचीच्या वरच्या कण्याला धार आहे, पिल्लाचा कणा गोलसर असतो. मी म्हटलं, डोळ्यांनी ठरवायचं तर मग माझ्या पद्धतीनं ठरवू. त्याच्या फांदीची जाडी माहीत करून घेतली, तिच्या मापानं फोटोतली चोच मोजली, नेटवरच्या ढीगभर फोटोंवर एक प्रोग्रॅम तयार केला आणि एका रविवारी तुमच्यापुढे लॅपटॉप ठेवला. प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगत होता, पिल्लू. एवढी लांब चोच लहान टूकानाची असूच शकत नाही.

तुम्ही शांतपणे चहा संपवलात. "पार्कातली फ्राउ केलर काय म्हणाली, हा नर आहे ना?"

"हो. पिसाची तपासणी केली होती. दिसायला नर-मादी सारखेच असतात म्हणून."

"पण नराची चोच मादीपेक्षा लांब असते. मग लहान जातीचा नर आणि मोठ्या जातीची मादी तुझ्या मशीनला सारखीच दिसल. आणि ते नेटवरचे फोटो, त्यांच्या पाट्या कोणी लावल्या?"

"लोकांनी."

"ऐकून का पाहून?"

मी भांडी घासायला उठले. मग स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की तुमच्याकडेही पुरावा नाही. तुम्ही बाहेरून ओरडलात, "म्हणूनच थांब म्हणतो. काहून घाई करते? बोलू दे ना त्याला."

पण तो बोलायचाच नाही. हीच तर गोम होती. फळ चोचीच्या टोकात धरून मान मागे टाकून गिळायचा, फांद्यांवरून टुणटुण उड्या मारायचा, चोच फांदीला घासून साफ करायचा, आणि गप्प. फ्राउ केलर तिथली पाखरं सांभाळते. तिनं सांगितलं, इथं आल्यापासून तिनंही त्याचा आवाज ऐकलेला नाही. तुम्हाला जर्मन यायचं नाही आणि तिला मराठी. तरी तुमचं इतकं छान जमलं की मला मध्ये दुभाषाचं काम करायलाही वाव उरला नाही. ती बोलायची, तुम्ही प्रत्येक वाक्याला "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचात. एकदा तुम्ही खिशातून संत्रं काढलंत, तर तिनं लहान मुलाला दटावावं तसं तुम्हाला दटावलं. टूकानाच्या अंगात लोह साठत जातं, यकृत खराब होतं, आणि आंबट फळानं लोह आणखी भिनतं. त्याला पपई चालते, संत्रं नाही. तुम्ही ते संत्रं तिथंच सोलून स्वतः खाल्लंत आणि म्हणालात, "गेनाऊ."

काय काय शोधून काढायचात तुम्ही. चोच आतून पोकळ, हाडाच्या बारीक जाळीची, म्हणून एवढी मोठी असून हलकी. अंगातली उष्णता तो चोचीतून बाहेर सोडतो. हे वाचल्यावर तुम्ही हाउसमाइस्टरला जिन्यात गाठून सांगायला लावलंत की या पाखराची हायझुंग चोचीत असते आणि ती शनिवारीही चालते. झोपताना तो चोच पाठीवर ठेवतो, शेपूट वरून ओढून घेतो आणि पिसांचा गोळा होतो. गिळलेल्या फळांच्या बिया दूर दूर टाकत जातो, म्हणजे न सांगता झाडं लावतो. आणि दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडीही खातो. मी म्हटलं, "तुमचा नायक चोर निघाला की." तुम्ही म्हणालात, "पोट आहे त्याला." मी एकदा त्याला तिकडचा धनेश म्हटलं तर तुम्ही केवढे चिडलात. धनेशाशी याचं काही नातं नाही, हा सुतारपक्ष्यांच्या, तांबटांच्या घरातला. अकोल्यात तुमच्या अंगणातल्या उंबरावर दिवसभर टुक टुक करायचा तो तांबट. "त्याचा परदेशात गेलेला चुलतभाऊ आहे हा," तुम्ही म्हणालात, "म्हणून तर गप्प झाला."

मी तुम्हाला सुचवलं होतं, मोबाइलवर दोन्ही आवाज वाजवू, ज्याला उत्तर देईल तो. फ्राउ केलरनं मनाई केली, आणि आश्चर्य म्हणजे तुम्हीही तिच्या बाजूनं. "रिकाम्या लाइनीवर बेल देऊ नये," म्हणालात. "उचलणाऱ्याला वाटते कोणीतरी आहे." मग तुम्ही ट्रंक कॉलची गोष्ट सांगितलीत. नंबर लावायला सांगून माणसं तासन् तास थांबायची, कोणी बाळंतपणाची बातमी घेऊन, कोणी मरणाची. ताटकळलेल्या चेहऱ्याकडे बघून तुम्ही एकच शब्द म्हणायचात, "लागला." त्या शब्दावर माणसाचा चेहरा कसा बदलतो हे तुम्ही मला करून दाखवलंत. तेव्हापासून आमच्या घरात इराला गणित सुटलं तरी लागला आणि सुमितला विनोद उशिरा कळला तरी लागला.

आणि पैज. ती इराच्या साक्षीनं झाली. जो हरेल त्यानं पिंजऱ्यापुढे, सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं त्या पाखराचा आवाज काढायचा. तुम्ही लगेच तयारीला लागलात, दोन्ही आवाजांच्या, न जाणो हरलो तर. भर रविवारी दुपारी, रुहेत्साइट, म्हणजे आवाज न करायची वेळ, चालू असताना, आमच्या स्वयंपाकघरातून डराव डराव. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात अदबीनं विचारलं, आपण बेडूक पाळला आहे का? तुम्ही म्हणालात, "सांग, अजून नाही."

एकदाच तुम्ही वेगळं बोललात. पावसाळी दिवस होता, ट्रोपनहाउसच्या छतावर पाणी वाजत होतं. मी पाटीकडे बोट दाखवून पुन्हा चिडवत होते. तुम्ही पाटीकडे पाहिलंच नाहीत. "मेधा, आपल्याले आयुष्यभर लोकांनी आडनाव विचारलं आणि ठरवून टाकलं आपण कोण ते. तोंड उघडायच्या आधी. याचं याले सांगू दे." मग थोड्या वेळानं, जवळजवळ स्वतःशीच, "आता एकटा आहे ना तो. एकटा कोणाशी बोलेल?"

बाबा, तुम्ही टूकानाबद्दल बोलत नव्हतात हे मला कळलं होतं. माझ्याशी बोला, एवढंच म्हणायचं होतं मला. मी तुमची शाल सारखी केली आणि म्हटलं, बस चुकेल. मनातल्या मनात मी ते वाक्य नंतर इतक्यांदा म्हटलंय की आता ते तुम्हाला ऐकू आलं असेल असंच मला वाटतं.

मग तुमची छाती भरली आणि तुम्ही हॉस्पिटलात. शेवटच्या दिवसांत बोलायला दम पुरत नव्हता. मास्क जरा बाजूला करून तुम्ही विचारलंत, "बोलला?" मी म्हटलं, "अजून नाही. तुम्ही बरे व्हा, मग दोघं ऐकू." तुम्ही हसलात आणि मान हलवलीत. मला खोटं बोलता आलं असतं. बोलला, बेडूकच निघाला, तुम्ही जिंकलात, असं सांगता आलं असतं. पण तुम्ही लगेच विचारलं असतंत, "तू स्वतः ऐकलं का?"

तुम्ही गेल्यावर मी पार्कात जायचंच टाळत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो गप्प होता तोवर आपलं भांडण चालू होतं, आणि भांडण चालू होतं तोवर तुम्ही होतात. पण शुक्रवारी फ्राउ केलरचा फोन आला. दुसऱ्या पार्कातून टूकानाची मादी आणली आहे, शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली आहे, मध्ये नुसती जाळी आहे. आणि मला म्हणाली, "तुमच्या श्वीगरफाटरना घेऊन या," म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तुम्हाला. मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तरीही या."

तर आता ऐका. इराला घेऊन दारातून शिरले, चष्म्यावर वाफ, आणि पहिला आवाज आला तो क्याँव, क्याँव. पिल्लू. अगदी पाय तुडवला गेलेलं कुत्र्याचं पिल्लू. मी जिंकले असं वाटलं, आणि तुम्हाला सांगते, जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी काचा पुसल्या. चोच वर करून, मान मागे टाकून केकाटत होती ती नवी मादी. आणि मादी असून त्याच्यापेक्षा चांगलीच थोराड. दोघं शेजारी बसले आणि ज्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला ते कोणत्याही शेंबड्या पोराला दिसलं असतं.

तो फांदीच्या टोकाला सरकला. जाळीजवळ गेला. तिच्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं. मान वर फेकली आणि म्हणाला,

डर्रॉक. डर्रॉक. डर्रॉक.

बाबा, बेडूक. शुद्ध, ठार, चिखलातला बेडूक. थांबतच नव्हता. वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर काढत होता. ती केकाटतेय, हा डरावतोय, कोणाचा कोणाला मेळ नाही. मी टाळ्या वाजवल्या. बाबागाडी घेऊन आलेलं एक जोडपं माझ्याकडे बघत होतं आणि मी त्यांना मराठीत सांगत होते, "ऐकलंत का? माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं."

फ्राउ केलर धावत आली. ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पाटी पूर्वीच्या मालकाकडून पाखरासोबत आली होती, ती कुणी तपासलीच नव्हती, आणि त्या पाटीवरूनच तिनं स्थळ शोधलं होतं. म्हणजे सोयरीकच चुकली. आता खात्रीसाठी पुन्हा पिसाची तपासणी होईल, या वेळी प्रजातीची, आणि त्याच्यासाठी डोटरटुकानाची मादी शोधतील. ती ज्या पार्कातून आली तिथं परत जाईल. तुम्ही वर्षभर हट्टानं थांबायला लावलं नसतंत तर आम्ही कुणी कान देऊन ऐकलंच नसतं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "गेनाऊ, हेर बाबा," आणि डोळे पुसले. हेर म्हणजे श्रीयुत; इतके दिवस बाबा हेच तुमचं नाव आहे असं ती समजत होती. मीही दुरुस्त केलं नाही.

इरा तोवर माझी बाही ओढत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. "ओपा हाट गेव्होनन," ती म्हणाली. आजोबा जिंकले. "येत्स्ट मुस्ट डू क्वाकन, ममा." आता तुला डरावायचंय.

मी म्हटलं, घरी करते. ती म्हणाली, नाइन. अगदी तुमच्यासारखी भुवई उचलून.

तर बाबा, मी पिंजऱ्यापुढे उभी राहिले. बाबागाडीवालं जोडपं, एक काठीवाले आजोबा, फ्राउ केलर. पहिला डराव मी हळूच काढला. "लाउटर," इरा म्हणाली, अजून मोठ्यानं. मी डोळे मिटले, तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हनुवटी वर करायचात तशी हनुवटी वर केली आणि सगळा दम लावून ओरडले. डराव. डराव. डराव. ट्रोपनहाउसमधलं सगळं थांबलं, ती मादीसुद्धा.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी घाई केली नाही, पुन्हा बेल दिली नाही. तुम्ही शिकवलंत तशी, नंबर लावायला सांगितलेल्या माणसासारखी, थांबले. त्यानं मान तिरकी केली. निळ्या कातडीतला डोळा माझ्यावर रोखला. मग चोच वर फेकली आणि मला उत्तर दिलं.

लागला, बाबा.